रिकाम्या दुकानाची सवलत

माझं दुकान रिकामं होतं, आणि ते भाड्याने गेलं आहे असं मी एका बाईला सांगितलं.

हे वाक्य कागदावर उतरायला मला बराच काळ लागला. त्यात अवघड शब्द एकही नाही. जिला सांगितलं ती माझ्याच गावाकडची, माझ्याच चर्चमधली, मला ‘भाऊ’ म्हणणारी. तिने माझ्यावर विश्वास ठेवला आणि मी तो ठेवू दिला. पत्नीलाही मी याबद्दल कित्येक महिने काही बोललो नाही. बोलायची वेळ अनेकदा आली. प्रत्येक वेळी मी विषय बदलला. माझा आवाज मुळात हळू आहे, आणि हळू बोलणाऱ्या माणसाच्या खोटेपणाचा संशय सहसा कोणाला येत नाही. त्याचा मी आयुष्यभर फायदा घेतला असावा, असं आता वाटतं.

आम्ही मूळचे वसईचे. टोरंटोच्या पश्चिमेकडच्या एका शहरात आम्हाला आता बरीच वर्षं झाली. मोटारींच्या सीट बनवणाऱ्या कारखान्यात मी काम करत होतो. कारखाना बंद पडला तेव्हा हाती आलेली भरपाई आणि बँकेचं कर्ज यांतून मी एक बैठी इमारत घेतली. ओळीने तीन दुकानं, पुढे गाड्या लावायला जागा, समोरच्या फुटपाथवर बसचा थांबा. एका टोकाला दातांचा दवाखाना, दुसऱ्या टोकाला लाँड्री. मधल्या गाळ्यात एक ट्रॅव्हल एजंट बसायचा. लोक फोनवरच तिकिटं काढू लागले तसा त्याने गाशा गुंडाळला. मी काचेला आतून तपकिरी कागद लावला आणि बाहेर माझा फोन नंबर.

ही २०१६ च्या शरद ऋतूतली गोष्ट. ऑक्टोबरमध्ये आम्ही वसईकर ख्रिस्ती लोक आगेरा साजरा करतो. नव्या पिकाला आशीर्वाद मागायचा तो सण. तिकडे वेदीवर भाताच्या लोंब्या नेतात. इथे भात कुठला? कोणीतरी शेतावर जाऊन मक्याची कणसं आणि भोपळे आणतो, आणि फादर, जे मूळचे पोलंडचे आहेत, तेवढ्याच भक्तिभावाने भोपळ्यांवर तीर्थ शिंपडतात. मग खालच्या हॉलमध्ये जेवण. त्या वर्षी फुगे म्हणजे आमचे तळलेले गोल पाव, तांदळाची सांदणं आणि डुकराच्या मांसाचं आंबट-तिखट इंदेल असं सगळं त्या बाईनेच केलं होतं. ती, तिचा नवरा आणि दोन मुलं कॅनडात येऊन चार-पाच वर्षं झाली होती. नवरा विमानतळाजवळच्या एका गोदामात नाइट शिफ्ट करायचा. ती अपार्टमेंटच्या चिंचोळ्या स्वयंपाकघरात ऑर्डरी घ्यायची, आणि शेजाऱ्यांनी तक्रार केली की काही दिवस बंद ठेवायची.

जेवणानंतर ती कागदी ताटल्या गोळा करत माझ्याजवळ आली.

“भाऊ, पोट भरलं?”

“भरलं गं. फुगे अगदी तिकडच्यासारखे.”

“मग एक विचारू? तुमचा तो मधला गाळा. कागद लावलाय तो. मला द्याल? भाड्याने हां, फुकट नाही मागत.”

“काय करणार तिथे?”

“हेच. फुगे, सांदणं, बाटलीतला मसाला, बोंबलाचं लोणचं, शुक्रवारी तळलेले मासे. ह्यांची पाठ आता साथ देत नाही. सस्काटूनला ह्यांचा मामेभाऊ आहे, तो म्हणतो खाणीत बसून करायच्या कामाला लावतो. ह्यांचं मन जवळजवळ झालंय. पण पोरांची शाळा, आपलं चर्च, सगळं सोडून बर्फात कुठे जाऊ मी? दुकान मिळालं तर ह्यांना गोदाम सोडायला लावीन. दोघं मिळून चालवू.”

तिचं सगळं सांगून झालं होतं. ते दुकान मिळालं तर घर इथे राहणार होतं, नाही तर दोन हजार मैलांवर जाणार होतं. हे मला त्याच क्षणी कळलं. कळलं नव्हतं असं म्हणण्याची सोय मला नाही.

“विचार करून सांगतो,” मी म्हणालो.

मी जो विचार केला तो असा होता. बोंबील. शुक्रवारचे मासे. शेजारी पांढऱ्या कोटातला डेंटिस्ट. त्याने मला आयुष्यात कधी वासाबद्दल एक शब्द ऐकवलेला नाही. मीच मनातल्या मनात त्याच्या वतीने तक्रार केली आणि मीच ती मान्य केली. आमच्या घरी मासे गॅरेजमध्ये शिजतात. या देशात आलो तेव्हा ज्या बेसमेंटमध्ये राहत होतो तिथल्या मालकिणीने सुकट भाजली म्हणून आम्हाला महिनाअखेर घालवलं होतं. त्यानंतर स्वतःचं घर झालं, पण पत्नी अजूनही विजेची शेगडी गॅरेजमध्ये मांडते, दार हातभर वर उचलते आणि जानेवारीत कोट घालून पापलेट तळते. कोणी सांगितलेलं नाही. आमचं आम्हीच ठरवलं. जी लाज मी घराच्या पोटात लपवली होती ती ही बाई हमरस्त्यावर पाटी लावून विकणार होती, आणि पाटीच्या वर इमारत माझी असणार होती.

माझ्या इस्टेट एजंटनेही त्याच आठवड्यात सांगितलं, “घाई करू नका. कॉफीची एखादी मोठी साखळी येईल. तोवर रिकामं राहिलं तर सिटी टॅक्समधलं काही परत देतेच की.”

ते खरं होतं. ओंटारिओत तेव्हा तशी सवलत होती. दुकान सलग काही महिने रिकामं राहिलं, तर मालकाने भरलेल्या मालमत्ता कराचा काही हिस्सा त्याला परत मिळायचा. मंदीत भाडेकरू सोडून गेला तर मालक बुडू नये, हा हेतू. मालकाने खरोखर भाडेकरू शोधला की नाही, हे कोणी विचारायला येत नसे.

पुढच्या रविवारी मिस्सानंतर ती चर्चच्या पायऱ्यांवर माझी वाट पाहत उभी होती. मी म्हणालो, “बाय, ते दुकान गेलं गं. परवाच सही झाली.”

तिचा चेहरा एक क्षण उतरला, आणि लगेच तिने तो सावरला, जणू मला वाईट वाटू नये म्हणून. “जाऊ दे भाऊ. देवाची इच्छा. कोणी घेतलं?”

हा प्रश्न येईल असं मला वाटलं नव्हतं. समोरून एक चष्मा लावलेले गृहस्थ पायऱ्या उतरत होते.

“चष्म्याचं दुकान येतंय,” मी म्हणालो.

नंतर मी कुमसारला गेलो. पापनिवेदनाला आमच्याकडे कुमसार म्हणतात. इथे ते इंग्रजीत करावं लागतं, आणि त्याचा मला किती आधार वाटतो हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ओळखलं. मी फादरांना सांगितलं ते साधारण असं होतं, की एका व्यावसायिक बाबतीत मी पूर्णपणे पारदर्शक राहिलो नाही. मराठीत हे वाक्य माझ्या तोंडून फुटलंच नसतं. फादरांनी तीन वेळा ‘नमो मरिया’ ही प्रार्थना म्हणायला सांगितली. मी म्हटली, गाडीत बसलो, आणि मला खरोखर हलकं वाटलं. ते आठवलं की आज अंगावर काटा येतो.

पुढच्या वसंतात प्रांत सरकारने कळवलं, की रिकाम्या दुकानांची सवलत ठेवायची की काढायची हे ज्या त्या शहराने ठरवावं. आमच्या नगरसभेने मतदानाचा दिवस नेमला आणि त्याआधी लोकांचं म्हणणं ऐकायचं ठरवलं. कोणीही नाव नोंदवावं, पाच मिनिटं बोलावं.

इमारत मालकांच्या संघटनेतल्या एका गृहस्थांचा मला फोन आला. त्यांच्या मालकीची अनेक संकुलं होती. माझ्याशी ते यापूर्वी कधी दोन वाक्यांपलीकडे बोलले नव्हते. ते म्हणाले, “आम्ही बोललो तर लोक म्हणतील, श्रीमंत माणसं. तुम्ही बोला. छोटे मालक, कारखान्यातले कामगार होतात, बाहेरून आलात, शांत बोलता. तुमचं ऐकतील.”

मला यात आपला वापर होतोय असं वाटायला हवं होतं. मला मान वाटला.

भाषण मी फार काळजीने लिहिलं. मराठी मंडळात स्वागत, निरोप, श्रद्धांजली यांची भाषणं गेली कित्येक वर्षं मीच करत आलो आहे. वाक्य कुठे थांबवायचं, आवाज कुठे खाली आणायचा हे मला जमतं. भाषणाच्या मध्यावर एक वाक्य होतं: कोणताही मालक आपलं दुकान हौसेने रिकामं ठेवत नाही, त्या कागद लावलेल्या काचेकडे बघताना त्याच्याइतकं दुःख कोणालाच होत नाही. लिहिताना या वाक्याने माझे स्वतःचेच डोळे ओलावले. म्हणजे तोपर्यंत मी स्वतःलाही फसवून मोकळा झालो होतो.

सभागृह नवीन आणि प्रशस्त होतं. अर्धवर्तुळात नगरसेवक, मध्ये महापौर, समोर बोलणाऱ्यासाठी उंच टेबल आणि माईक. माझं नाव पुकारलं. मी बोललो. त्या वाक्यापाशी आलो, आवाज खाली आणला, आणि समोरच्या एका वयस्क नगरसेविकेने मान हलवलेली मला दिसली. पाच मिनिटांच्या आत संपवलं. टाळ्या वाजल्या.

जागेवर परत जाताना मी प्रेक्षकांकडे बघितलं, आणि शेवटून दुसऱ्या रांगेत ती बसलेली होती.

चर्चला येते तोच निळा कोट. शेजारी दोन-तीन परक्या बायका आणि एक तरुण शिक्षिका. लायब्ररीत नवागतांसाठी इंग्रजीचा वर्ग चालतो तिथली, हे मला नंतर कळलं. आमच्या त्या बाईने मला बघून हात हलवला. मोकळा, आनंदाचा हात, लग्नात ओळखीचं माणूस दिसावं तसा. माझे पाय तिथेच थबकले. मागच्याने ‘सॉरी’ म्हटलं तेव्हा मी वाटेतून बाजूला झालो. बसलो तेव्हा लक्षात आलं, की भाषणाचे कागद मी इतके घट्ट धरले होते की ते मधोमध फाटले होते.

काही वेळाने महापौरांनी तिचं नाव पुकारलं. ते नाव त्यांच्या जिभेवर तीनदा अडखळलं. ती उठली, टेबलापाशी गेली आणि माईक तोंडापर्यंत खाली ओढला. ती इंग्रजीत बोलली. तुटक, पण स्पष्ट. मी ते इथे मराठीत लिहितो.

“मी स्वयंपाक करते. मला दुकान पाहिजे होतं. मी पुष्कळ दुकानं बघितली. आतून कागद असतो, बाहेर फोन नंबर असतो. फोन केला की म्हणतात, थांबा. किंवा म्हणतात, गेलं. एका ठिकाणी मला सांगितलं, गेलं, चष्म्याचं दुकान येणार. मी खूश झाले. माझ्या नवऱ्याला चष्मा पाहिजे होता. मी म्हटलं, थांब, तिथेच घेऊ, नवीन दुकान आहे, बोहनी आपल्या हातची होऊ दे. तो थांबला. रात्री गोदामात बारीक लेबलं वाचायचा, डोळ्यांतून पाणी यायचं. तरी थांबला. दुकान अजून आलं नाही. मी रोज बसमधून बघते. कागद आहे.”

सभागृहात कोणीतरी हसलं. ती पण थोडी हसली. तिच्या नवऱ्याने सबंध हिवाळा चष्म्याविना काढला होता. एका सकाळी पायऱ्यांवर, समोरून जाणाऱ्या कुणाचा तरी चेहरा बघून, मी जे तोंडाला आलं ते बोललो होतो; आणि त्या शब्दांवर भरवसा ठेवून दोन माणसांनी बोहनी राखून ठेवली होती. आपल्या माणसाच्या इमारतीत येणाऱ्या दुकानाचं पहिलं गिऱ्हाईक आपणच व्हायचं, हा आमच्याकडचा रिवाज. दुसऱ्या कोणी त्या खोट्याची एवढी बूज राखली नसती.

एका तरुण नगरसेवकाने विचारलं, “हे दुकान नेमकं कुठलं? मालक कोण?”

मी खुर्चीचा हात धरला.

ती म्हणाली, “मालक चांगला माणूस आहे. माझ्या चर्चचा आहे. त्याचं नाव मी इथे घेणार नाही.”

“चांगला माणूस आहे तर मग दुकान का देत नाही?”

“ते मला कसं माहीत, सर? तुम्ही विचारा ना त्यांना.” पुन्हा हशा झाला. तिने सगळ्यांना ‘थँक यू’ म्हटलं आणि माझ्याकडे न बघता जागेवर गेली.

तिला सगळं कळलं आहे आणि तरी तिने मला वाचवलं, अशी माझी त्या वेळी खात्री झाली. उठून उभं राहावं, असं वाटलं. ते दुकान माझं आहे, एवढेच शब्द. मी उठलो नाही. मी त्या सभागृहात बसून राहिलो आणि मतदान पाहिलं. एकेक हात वर गेला. माझ्या भाषणाला मान हलवणाऱ्या बाईंचा हातही सवलत काढण्याच्या बाजूने वर गेला. ठराव मंजूर झाला. रिकाम्या दुकानांची सवलत त्या शहरातून संपली. संघटनेचे गृहस्थ माझ्या खांद्यावर थोपटून म्हणाले, “तुम्ही उत्तम बोललात. ती बाई बोलली नसती तर आपण जिंकलो असतो.”

बाहेर अजून उजेड होता. ती पायऱ्यांशी एकटीच उभी होती.

“भाऊ, काय सुंदर बोललात! मला सगळं नाही कळलं, पण तुमचा आवाज ऐकत राहावासा वाटतो. माझी बस गेली. सोडाल का?”

मी गाडीचं दार उघडलं. सिग्नलला गाडी थांबली. मग मी अंदाज घेत म्हणालो, “तू माझं नाव घेतलं नाहीस.”

“कसं घेणार?” ती एकदम मऊ आवाजात म्हणाली. “लोकांसमोर तुमचा अपमान झाला असता. तो चष्मेवाला सही करून पळाला ना? मला बसमधून कागद दिसायचा तेव्हाच मी ह्यांना म्हटलं, आपल्या भाऊंना कोणीतरी फसवलं. स्वभाव हा असा. भांडणार नाहीत, कोर्टात जाणार नाहीत. गप्प बसून सोसत असतील. तुम्हाला विचारायची पण चोरी. म्हणून मी बोलले नाही हो.”

हिरवा दिवा लागला. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला तरी मला गाडी पुढे न्यायचं सुचेना.

“भाऊ, हिरवा झाला.”

मी गाडी चालवली. सभागृहात बसलेला धक्का याच्यापुढे काहीच नव्हता. तिला माझं खोटं कळलं असतं, तर तिच्या क्षमेत मला निदान थोडी जागा होती. तिने तर मलाच फसवला गेलेला माणूस करून टाकलं होतं, आणि सगळा हिवाळा ती माझ्यासाठी हळहळत होती. सांगायला याहून चांगली वेळ येणार नव्हती. गाडीत आम्ही दोघंच होतो, बोली आपली होती. मी म्हणालो, “सीट बेल्ट नीट लाव.” तो लावलेलाच होता.

घरी पत्नीने दारातच विचारलं, “मग? जिंकलात?”

“हरलो.”

“बरं झालं. तो कागद आता तरी काढा. डेंटिस्टच्या बायकोने मला विचारलं, कोणी वारलंय का म्हणून.” ती आत जाऊन पातेलं विसळू लागली. “आपल्या त्या फुगेवालीलाच का देत नाही? तिने कधी मागितलं कसं नाही, याचं मला नवल वाटतं.”

मी म्हणालो, “विचारून बघतो.”

दोन दिवसांनी मी तिच्या अपार्टमेंटवर गेलो. जाताना सबंध वाट मी वाक्यं जुळवत होतो. दार तिच्या मुलीने उघडलं आणि आत वळून इंग्रजीत ओरडली, “मम, अंकल इज हिअर!” हॉलमध्ये ग्रोसरीच्या दुकानातून आणलेले केळ्यांचे खोके रचलेले होते. भांडी वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांत भरलेली.

“हे गेले गेल्या महिन्यात,” ती म्हणाली. “सस्काटूनला. खाणीत लागले. शाळा संपली की आम्ही निघणार.”

“मी दुकानाचं बोलायला आलो होतो. मधला गाळा तुला देतो. भाडं काय ते नंतर बघू.”

ती खोक्यावर बसली. हातातली बशी तिने मांडीवर ठेवली आणि बराच वेळ तिची कड पुसत राहिली.

“आता?” ती म्हणाली. “भाऊ, हे जरा आधी झालं असतं तर. इथलं अपार्टमेंट सोडलं, तिकडे घर घेतलं, पोरांची नावं घातली. आता कसं मागे फिरू?” मग तिने डोळे पुसले आणि नेहमीसारखी हसली. “तुमची काय चूक? पण त्या चष्मेवाल्याला मी कधी माफ करणार नाही हां. फादरनी सांगितलं तरी नाही.”

मी पाणी मागितलं. ते प्यायलो आणि परत आलो.

जूनच्या अखेरीस मराठी मिस्सा झाल्यावर खालच्या हॉलमध्ये त्यांचा निरोप होता. नवराही तिकडून दोन दिवसांसाठी आला होता. नाकावर नवा चष्मा होता. सस्काटूनला गेल्या गेल्या घेतला म्हणे. निरोपाचं भाषण अर्थातच मी करायचं. त्या वेळी मी काही लिहून नेलं नव्हतं. पत्नीला मात्र आदल्या दिवशी सगळं सांगितलं होतं. तिने ऐकून घेतलं, शेगडी बंद केली आणि म्हणाली, “मला कशाला सांगता? मी दुकान मागितलं होतं का?” त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही, हॉलमध्येही ती दुसऱ्या टेबलावर बसली होती.

मी माईकसमोर उभा राहिलो. “प्रिय बंधू-भगिनींनो,” असं म्हणालो, आणि माझा तो भाषणाचा आवाज हॉलभर पसरलेला ऐकला. तोच आवाज. नगरसभेत खाली आणला होता तोच. या आवाजात मी आता माफी मागितली, तर लोक मान हलवतील, एखाद्याचे डोळे भरून येतील, आणि शेवटी कौतुक माझंच होईल, हे मला लख्ख दिसलं. मी माईक बंद केला. लोकांना वाटलं, मला भरून आलं आहे. कोणीतरी पाण्याचा पेला पुढे केला.

मी टेबलांच्या मधून चालत तिच्यापाशी गेलो. ती उठू लागली, वडीलधारा माणूस समोर आला म्हणून. मी तिला बसायला सांगितलं. हॉल शांत झाला होता, त्यामुळे मी हळू बोललो तरी ते सगळ्यांनी ऐकलंच. पण ते मी तिलाच बोललो.

“बाय, ऐक. मला कोणी फसवलं नाही. चष्मेवाला कोणी नव्हताच. तू विचारलंस तेव्हा दुकान रिकामं होतं, नंतरही रिकामंच होतं, आणि मी तुला गेलं म्हणून सांगितलं. तुझ्या मासळीचा वास माझ्या इमारतीला लागेल याची मला लाज वाटली. नगरसभेत तू मला वाचवलंस तेव्हा मी गप्प बसलो. गाडीत गप्प बसलो. तुझ्या घरी येऊन पाणी पिऊन गेलो. तुम्ही इथून जाताय ते माझ्यामुळे.”

तिचा नवरा माझ्याकडे बघत होता.

“चूक माझी आहे,” मी म्हणालो. “तुम्हा दोघांची मी माफी मागतो.”